उलटा फेलसेफ : मोठ्या आरसी (रेडिओ कंट्रोल) विमानाच्या पहिल्या उड्डाणाआधीची एक तपासणी

विमान २.२ मीटर पंखविस्ताराचं, ३५ सीसी पेट्रोल इंजिनाचं, बाल्सा आणि प्लायवूडचं. पेटीतून निघालं तेव्हा सांगाडा तयार होता, वर फिल्मही चढवलेली होती. इंजिन, सर्वो (कंट्रोल हलवणाऱ्या छोट्या मोटरी), टाकी, चाकं, सर्वोपासून कंट्रोलपर्यंत जाणाऱ्या काड्या हे सगळं मात्र मालकानं बसवायचं. सगळं बसवून, टाकी रिकामी ठेवून वजन केलं तर ७ किलो १०० ग्रॅम भरलं.

मालक नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथचं वर्कशॉप चालवतो. कामात हात अगदी साफ. याआधी त्यानं फोमची इलेक्ट्रिक विमानं आणि ग्लो इंजिनाचं एक ट्रेनर बरंच उडवलेलं होतं. पेट्रोलचं मोठं विमान हे पहिलंच. त्याची मुलगी कॉलेजात आहे, एनसीसीच्या एअर विंगची कॅडेट आहे, आणि तिथं एरोमॉडेलिंग शिकल्यामुळे तिलाही यातलं कळतं. दोघं माझ्याकडे आले ते ‘काका, उडवायच्या आधी एकदा पाहून द्या’ म्हणून.

या प्रकरणात काहीही मोडलं नाही, कुणाला खरचटलंही नाही. म्हणूनच ते लिहून ठेवावंसं वाटलं. पडलेल्या विमानाची चर्चा महिनोन्महिने चालते. जमिनीवर सापडलेला दोष मात्र त्याच संध्याकाळी विसरला जातो. आणि इथं जो दोष सापडला तो फेलसेफमध्ये, म्हणजे रेडिओचा सिग्नल तुटला तर सर्वोंनी कुठं जायचं ते आधी ठरवून ठेवण्याच्या सोयीत, आणि तोही एकदा तपासून ‘बरोबर’ अशी खूण केलेल्या जागीच होता.

आधी एक हिशेब. किलोभराचं फोमचं विमान ताशी ५० किलोमीटरनं येऊन आदळलं तर त्यात जेवढी ऊर्जा असते, त्याच्या २८ पट ऊर्जा सात किलोच्या विमानात ताशी १०० किलोमीटरला असते. वजन सातपट, आणि वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. शिवाय पुढं २० इंची प्रॉप, म्हणजे प्रोपेलर. तो मिनिटाला ६,५०० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याचं टोक ताशी सहाशे किलोमीटरच्या वर धावत असतं. लहान विमानावर चालून गेलेल्या सवयी इथं चालत नाहीत, त्याचं कारण या आकड्यांत आहे.

वर्कशॉपमध्ये

इंजिन ज्या प्लायवर बसतं ती फायरवॉल किंचित उजवीकडे कललेली दिसते. लेथवर शतांश मिलिमीटर मोजणाऱ्या माणसाच्या डोळ्याला ते खटकणारच. त्यानं एका बाजूला वॉशर घालून ती ‘सरळ’ करायची तयारी केली होती. हा कल मुद्दाम दिलेला असतो. प्रॉपच्या फिरण्यामुळे विमान डावीकडे ओढलं जातं, ती ओढ मारायला इंजिनाचा रोख एकदोन अंश उजवीकडे ठेवतात. वॉशर परत डब्यात गेले. इंजिनाखालचे अ‍ॅल्युमिनियमचे स्टँडऑफ मात्र त्यानं स्वतः इतके सुरेख कातले होते की चारही एका लांबीचे, कुठं केसाइतका फरक नाही. बोल्टखाली रुंद वॉशर, मागं ब्लाइंड नट, आट्यांवर निळा थ्रेडलॉक, म्हणजे थरथरीनं बोल्ट सुटू न देणारा द्रव. फायरवॉलच्या कडांना आतून तासाभरात घट्ट होणारा इपॉक्सी पुन्हा फिरवला आणि वर पातळ इपॉक्सीचा हात दिला, म्हणजे पेट्रोल लाकडात झिरपणार नाही. पाच मिनिटांचा इपॉक्सी मी अशा जोडाला लावू देत नाही.

नागपुरात उष्णतेचा विचार वेगळा करावाच लागतो. घरच्या तापमानाला घट्ट झालेला साधा इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास ढिला पडू लागतो, आणि मार्चनंतर उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तेवढं तापमान सहज होतं. फिल्मवर फुगे आणि सुरकुत्या येतात त्या वेगळ्या. सुरकुत्या काढायला इस्त्री फिरवताना पंख हातात पिळला गेला तर तो पीळ तसाच राहतो. म्हणून इस्त्री झाल्यावर दोन्ही पंखांचे कोन पुन्हा मोजले. फरक नव्हता. गाडीत पंखांवर पांढरी चादर आणि बॅटऱ्या सीटच्या पुढं पायापाशी, सावलीत, हे मुलीनं ठरवून टाकलं.

कंट्रोलच्या काड्यांवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. सर्वोचा हात एका हातानं घट्ट धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत एलेरॉनची, म्हणजे पंखामागच्या हलत्या फळीची, मागची कड पकडून वरखाली हलवायची. उजवा एलेरॉन दगडासारखा. डाव्याची कड दोनेक मिलिमीटर हलली, आणि हलताना बारीक ‘टक टक’ असा आवाज आला. लहान विमानात एवढं चालून जातं. मोठ्या विमानात वेग वाढला की हाच ढिलेपणा फडफड सुरू करतो. एकदा सुरू झाली की बिजागऱ्या उपटल्या जायला क्षणही लागत नाही. पाहिलं तर हॉर्नमध्ये, म्हणजे एलेरॉनवर काडी जिथं जोडतात त्या दांडीत, बॉल लिंकच्या (काडीच्या टोकाच्या गोळीसारख्या सांध्याच्या) बोल्टसाठी पाडलेलं भोक बोल्टापेक्षा किंचित मोठं झालेलं. हॉर्न बदलला, नवं भोक ड्रिलप्रेसवर पाडलं, बॉल लिंकच्या बाहेरच्या बाजूनं मोठा वॉशर घातला. पुढेमागे बॉल निसटला तरी वॉशरमुळे काडी सुटून पडत नाही. एवढासा वॉशर, पण मी तो प्रत्येक लिंकवर मागतो.

बॅटऱ्यांचं काम लवकर उरकलं. रिसीव्हरला (विमानात बसून सिग्नल घेणाऱ्या डबीला) दोन सेलच्या दोन लिथियम-आयन बॅटऱ्या, प्रत्येकीला स्वतंत्र स्विच, इग्निशनला तिसरी. मीटर लावून, ट्रान्समीटरच्या (हातातल्या रिमोटच्या) सगळ्या कांड्या एकदम घुसळत व्होल्टेज पाहायचं, नुसतं रिकामं व्होल्टेज पाहून काही कळत नाही. एका स्विचच्या वाटेनं व्होल्टेज जास्तच खाली जात होतं, तो स्विच आणि त्याची बारीक वायर काढून टाकली.

सीजी, म्हणजे विमानाचा तोल जिथं राहतो तो बिंदू, आधी मागं आला. पुस्तिकेत पंखाच्या पुढच्या कडेपासून १३५ ते १५० मिलिमीटर दिलेला, आमचा १६० वर. शेपूट जड असलेलं विमान पहिल्याच उड्डाणाला हातातून जातं. शिसं लावण्याऐवजी तिन्ही बॅटऱ्या पुढं इंजिनाच्या पेटीत नेल्या आणि सीजी १३८ वर आणला. पहिल्या उड्डाणाला पुढच्या हद्दीकडे असलेला बरा. काऊल (इंजिनावरचं झाकण), स्पिनर (प्रॉपच्या मधली टोपी), प्रॉप लावूनच मोजायचं, आणि मोजून झाल्यावर कुठलीही बॅटरी ‘जरा सोयीसाठी’ सरकवायची नाही.

रेडिओचं काम आधीच झालं होतं. रिसीव्हर बाइंड करून, म्हणजे ट्रान्समीटरशी त्याची जोडी जमवून ठेवलेला, फेलसेफ तपासलेला, यादीत त्यापुढं मुलीच्या अक्षरात बरोबरची खूण आणि तारीख.

जागा

हिंगण्याजवळच्या कुठल्या मोकळ्या प्लॉटवर हे विमान उडवायचा प्रश्नच नव्हता. सोनेगावचं विमानतळ शहराला लागून आहे. २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू झालेल्या ड्रोन नियमांत २ ते २५ किलोचं विमान ‘स्मॉल’ वर्गात येतं. छंदासाठी डोळ्यांसमोर उडवायच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, पण आकाशाचे नियम सुटत नाहीत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काहीच नाही, ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, त्याबाहेरच्या हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत. नकाशा सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या संकेतस्थळावर आहे आणि तो बदलू शकतो, म्हणून निघायच्या दिवशी पाहायचा. आम्ही उमरेड रोडनं बरंच पुढं, हिरव्या झोनमधलं एका ओळखीच्या शेतकऱ्याचं वावर निवडलं. त्यांची परवानगी घेतली, कोणत्या दिवशी मजूर नसतील तेही विचारून घेतलं.

गहू निघालेला होता. पण काळ्या मातीला मार्चमध्येच भेगा पडायला लागतात, आणि त्या भेगेत चाक अडकलं की विमान नाकावर उलथतं. धुऱ्यापलीकडे बरडाचा एक पट्टा होता, मुरमाड, कडक. तो झाडून, दगड वेचून धावपट्टी केली. शेतकरी स्वतः येऊन उभे राहिले. ‘काय शोधून राहिले भाऊ?’ म्हणून विचारलं, आणि कळल्यावर आपल्या हातानं दोन मोठे धोंडे उचलून बाजूला केले.

पहिली सकाळ

मैदानावर जोडणी करताना एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं हात लावून सांगायचं, ही पद्धत मी सोडत नाही. वाचणारी मुलगी, हात लावणारा बाप. ‘पंखाचा पाइप पूर्ण आत.’ हात लावला, ‘आत.’ ‘एलेरॉनचा प्लग, क्लिप लावलेली.’ ‘लावलेली.’ ‘पंखाचे बोल्ट, दोन्हीकडे.’ इथं तो नुसतं पाहून ‘हो’ म्हणाला. मुलीनं वर न बघताच तीच ओळ पुन्हा वाचली. त्यानं वाकून दोन्ही बोल्ट बोटांनी फिरवून पाहिले, मग पुढची ओळ. हे बोल्ट लावायचे राहून गेल्यामुळे हवेत पंख सरकून विमानं गेलेली आहेत. त्या मुलीचं वाचणं मला फार आवडलं.

मग विमानाच्या मागं उभं राहून दिशा पाहिल्या. कांडी उजवीकडे, उजवा एलेरॉन वर. कांडी ओढली, एलिव्हेटर (शेपटीवरची आडवी फळी) वर. एलिव्हेटरचे दोन्ही भाग एकसारखे हलतात का तेही पाहिलं, कारण त्यांना दोन वेगळे सर्वो आहेत. रेंज चेक मोडमध्ये, म्हणजे ट्रान्समीटरची ताकद मुद्दाम कमी करून, तीस पावलांवर जाऊन सगळं हलवलं, कुठं अडखळ नाही.

पुढची ओळ फेलसेफची. इंजिन बंद, इग्निशनची बॅटरी काढलेली, शेपटी दोरीनं खुंट्यांना बांधलेली. थ्रॉटल अर्धा ठेवला आणि ट्रान्समीटर बंद केला. काऊलच्या फटीतून कार्ब्युरेटरचा दांडा दिसत होता. सिग्नल गेला तसा तो बंदकडे जायला हवा. तो सर्रकन उलट्या बाजूला गेला आणि पूर्ण उघडून थांबला.

कुणी काही बोललं नाही. मालकानं ट्रान्समीटर चालू केला, पुन्हा बंद केला. पुन्हा पूर्ण उघडा.

याचा अर्थ सांगायलाच हवा. इंजिन चालू असताना ट्रान्समीटरची बॅटरी दमली, कुणाच्या हातून स्विच बंद झाला किंवा सिग्नल तुटला, तर हे विमान आपणहून पूर्ण वेगानं सुटलं असतं. ३५ सीसीच्या इंजिनाची ओढ या विमानाच्या वजनाहून जास्त आहे. हवेत असतं तर ते पूर्ण ताकदीनं जिकडे तोंड तिकडे गेलं असतं. जमिनीवर असतं, आणि समोर कुणी चोक सोडायला वाकलेलं असतं, तर त्यापुढचं लिहायची गरज नाही.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही, कारण मुलीनं प्रत्येक कामाची तारीख टाकलेली होती. त्यांच्या रेडिओत फेलसेफच्या जागा बाइंड करतानाच रिसीव्हरमध्ये साठवल्या जातात. बाइंड केलं तेव्हा थ्रॉटल खाली होता, फेलसेफ बरोबर बंदवर जात होता, खूण केली ती खरी होती. त्यानंतर चार दिवसांनी मालकानं थ्रॉटलची काडी कार्ब्युरेटरच्या दुसऱ्या बाजूनं नेली, कारण पहिल्या वाटेत ती मफलरला घासत होती. बदल शहाणपणाचाच होता. काडीची बाजू बदलल्यानं सर्वोची दिशा उलटली, म्हणून त्यानं ट्रान्समीटरमध्ये तो चॅनेल रिव्हर्स, म्हणजे उलटा, केला. कांडी खाली केली की इंजिन बंद, वर केली की चालू, सगळं ठाकठीक. रिसीव्हरला मात्र या बदलाची खबर नाही. त्याच्याकडे सर्वोची जुनी जागा साठवलेली, आणि नव्या जोडणीत ती जागा म्हणजे पूर्ण उघडा थ्रॉटल.

यात निष्काळजीपणा कुठंच नाही, हेच मला यात महत्त्वाचं वाटतं. माणूस काळजीवाहू, यादी नीट, खूण प्रामाणिक. पण खूण केली त्या दिवशीचं विमान आणि मैदानावर आणलेलं विमान, ही दोन वेगळी विमानं होती. मोठ्या मॉडेलवर पहिल्या उड्डाणाआधीच्या दिवसांत रोज काहीतरी बदलत असतं. ज्या गोष्टीला हात लागला तिची खूण खोडायची आणि तिच्याशी जोडलेल्या सगळ्यांचीही खोडायची, हे यादीत पहिल्या ओळीवर लिहून ठेवायला हवं. नुसत्या टिकमार्कांची यादी विश्वास वाढवते, आणि तो विश्वास आधीच्या विमानावरचा असतो.

न उडवण्याचा निर्णय

थ्रॉटल खाली ठेवून पुन्हा बाइंड केलं. ट्रान्समीटर बंद केला, दांडा बंदकडे गेला. इग्निशन तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच वेगळ्या चॅनेलवर होता, त्याचाही फेलसेफ पाहिला. सिग्नल गेल्यावर तोही चालूच राहत होता, तो ‘बंद’वर आणला. आता सिग्नल गेला तर थ्रॉटल मिटतो आणि ठिणगीही तुटते.

‘काका, सापडलं ना आता. एक सर्किट मारू,’ मालक म्हणाला. मला त्याची तगमग कळत होती. कितीतरी रात्री खपून उभं केलेलं विमान, गाडीत भरून आणलेलं, पट्टी झाडलेली.

मी नाही म्हटलं, आणि कारणं त्याच्यासमोर ठेवली. नव्यानं बाइंड केल्यावर सगळी यादी पहिल्यापासून आली, त्यात इंजिन चालू ठेवून करायची रेंज चेकही आली. तोवर साडेअकरा वाजणार. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या थोडं वर आहे. हिवाळ्यातल्या पहाटे १२ अंशांना इथली जी हवा असते, त्यापेक्षा ४० अंशांना तिची घनता नऊ टक्क्यांनी कमी होते. विमानाला तरंगायला जास्त वेग लागतो, प्रॉपची ओढ घटते, दोन्ही एकदमच. दुपारी बरडावरून वावटळी उठतात. पहिल्या उड्डाणाला विमान कसं वागेल ते माहीत नसतं, अशा वेळी निदान हवा तरी शांत असावी.

तो गप्प राहिला. मुलीनं यादी उलटून पहिल्या पानावर आणली आणि म्हणाली, ‘बाबा, मी पहिल्या ओळीपासून वाचून राहिली. पण तुमच्या मनात उडवायचं असेल तर नाही वाचत.’ तो हसला, वाकून पंखाचे बोल्ट सोडायला लागला.

दुसरी सकाळ

पुढच्या रविवारी उजाडायच्या सुमारास पोचलो. यादी पहिल्यापासून. फेलसेफ दोनदा.

इंजिन चालू करताना मालकाच्या गळ्यात ट्रान्समीटरचा पट्टा होता, तो काढायला लावला. वाकल्यावर लोंबणारा पट्टा प्रॉपमध्ये जातो. मुलीनं ओढणी गाडीत ठेवली आणि बूट घालून आली. शेपटी बांधलेली, शिवाय पंखामागं मी धरून. प्रॉपच्या रेषेत कुणीही नाही, ना पुढं ना बाजूला. जाड हातमोजा. चोक लावून इग्निशन चालू, पहिला ‘फट्’ आवाज आला की चोक काढायचा, मग पुन्हा फिरवायचं. पकडलं. गरम झाल्यावर तीस पावलांवरून रेंज चेक, आधी हळू, मग पूर्ण थ्रॉटलवर. मग इंजिन मंद फिरत असताना, विमान बांधलेलंच ठेवून, ट्रान्समीटर बंद केला. इंजिन तिथल्या तिथं थांबलं. पुन्हा चालू केलं.

उड्डाणाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. लो रेट्स (कंट्रोलची हालचाल कमी ठेवलेली), तीस टक्के एक्स्पो (कांडी मध्याजवळ मऊ), वाऱ्याच्या तोंडावर. उजवीकडे दोन क्लिक एलेरॉन ट्रिम आणि किंचित डाउन एलिव्हेटर. उंचीवर नेऊन इंजिन मंद करून स्टॉल, म्हणजे वेग घटून पंखाची उचल तुटणं, कुठं येतो ते पाहिलं. पंख न पाडता सरळ नाक खाली घातलं. सहा मिनिटांनी उतरवलं, एक छोटी उडी मारून पट्टीवर थांबलं. शेतकरी भाऊ धुऱ्यावर उभे राहून पाहत होते.

उतरल्यावर काऊल काढला. मफलरच्या दोन बोल्टांपैकी एक अर्धा फेरा सुटलेला, नव्या इंजिनाच्या थरथरीनं हे होतंच. तो काढून, तेल पुसून, उष्णता सोसणारा थ्रेडलॉक लावून बसवला. लाकडी प्रॉपच्या बोल्टांनी पाव फेरा घेतला, कारण पहिल्या धावेत लाकूड दबतं. टाकीत निम्म्याहून थोडं जास्त पेट्रोल उरलेलं, म्हणून टायमर आठ मिनिटांवर लावला. उरलेलं पेट्रोल काढून टाकी कोरडी केली; पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी धरतं आणि कार्ब्युरेटरच्या पडद्याला चांगलं नाही.

मुलीनं यादीतल्या मफलर आणि प्रॉपच्या ओळींवरच्या खुणा खोडल्या, नवी तारीख घातली, आणि दोन्ही ओळी पुढच्या खेपेसाठी रिकाम्या ठेवल्या.